डब्यातले नऊ फोन

शुक्रवारी आमच्या भागातले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून बायकांची घरप्रार्थना शुक्रवारी दुपारी. बाकीच्या दिवशी गाणं म्हणायला बसलं तर शेजारी बसलेलीचा आवाजही ऐकू येत नाही. चर्चच्या मंडळीतल्या आम्ही दहा-बारा जणी, दर आठवड्याला एकीचं घर. दोन गाणी, प्रार्थना, देवाने आपल्यासाठी काय केलं याची कुणाची तरी साक्ष, मग चहा. कुणाच्या घराचा नंबर कधी, याची यादी पाळकबाईंच्या वहीत असते, आणि माझं अक्षर बरं म्हणून दोन वर्षांपासून ती यादी मी लिहिते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते माझ्यावरच येणार आहे.

पूर्वी चटई टाकली की घर तयार असायचं. मग शेवटी एक फोटो काढून ग्रुपवर टाकायची पद्धत पडली, आणि हळूहळू सगळी दुपारच त्या फोटोसाठी होऊ लागली. एकीने नवे पडदे लावले. पुढच्या आठवड्यात दुसरीने भिंतीवर चमकीची अक्षरं चिकटवून येशूचं स्वागत लिहिलं. तिसरीने केक आणला, कुणाचा वाढदिवस नसताना. फोटोखाली स्तुती असो, स्तुती असो, आणि स्टेटसवर लाल हृदयं. कुणी मुद्दाम काही करत नव्हतं. मागच्या फोटोपेक्षा आपलं घर कमी दिसू नये, एवढंच प्रत्येकीला वाटत होतं.

आमच्यात एक मावशी आहे. मूळची पडघ्याकडची, नवरा गेल्यापासून राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. तिचा नंबर आला की काहीतरी निघायचं. एकदा नळाला पाणी नव्हतं. एकदा म्हणाली, घर सगळ्यांना लांब पडेल. तिसऱ्यांदा तिने मुलीची परीक्षा सांगितली आणि मी वहीत तसं लिहूनही टाकलं. मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. त्या लग्नात आम्ही सगळ्या जेवलो होतो.

रिक्षातून परत येताना मी तिला विचारलं. ती बाहेर बघत म्हणाली, "तुमच्या त्या फोटोत माजं घर बसायचं न्हाय, पोरी."

मी पेटले. पेटणं मला सोपं जातं. वडील एसटी स्टँडवर शुभवर्तमानाची पत्रकं वाटायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांना घड्या घालताना. ठळक मथळा, खाली एक प्रश्न, शेवटी 'आजच निर्णय घ्या'. माणसाच्या कुठल्याही दुःखाला दोन पानं पुरतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'भगिनी, तू कोणाच्या भिंतीकडे पाहतेस?' दुसरीच्या आशीर्वादाचं माप घेऊन स्वतःचं आयुष्य बेतायला आपल्याला कोणी सांगितलं, असं त्यात विचारलं होतं. देवाने घर राहायला दिलं आहे, दाखवायला नाही, असंही होतं. झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटलं.

पाळकबाईंनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुला प्रत्येक गोष्टीचं पत्रक का लागतं गं?"

पण मुद्दा त्यांना पटला होता. ठरलं असं की प्रार्थनेच्या घरात शिरताना फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. फोटो नाही, स्टेटस नाही. पडदेवाली म्हणाली, मग आपण जमलो होतो हे प्रभूला तरी कसं कळणार? सगळ्या हसल्या, सगळ्यात जास्त ती स्वतः. डबा सांभाळायचं काम माझ्याकडे आलं.

आणि पुढच्या शुक्रवारसाठी मावशीने आपणहून घर सांगितलं.

तिची खोली लूमच्या शेडला लागून आहे, वर सिमेंटचा पत्रा. मागच्या भिंतीला ओल आहे आणि ती झाकायला जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवलेली आहेत, कुठल्याही वर्षातला कुठलाही महिना. चटया शेजारच्या आपाने दिल्या होत्या, अर्धे कपही तिचेच. आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. आणि जिने मंडळीत आजवर तोंड उघडलं नव्हतं त्या मावशीने साक्ष दिली. यंदाच्या पावसात पत्रा गळला, पण पलंगावर गळला नाही. पलंगाच्या बाजूला गळला, तिथे टोप ठेवता आला. त्याबद्दल देवाचे उपकार. दोघी-तिघी हसल्या, मावशीही हसली. मग पडदेवालीने डोळे पुसले आणि सांगितलं की तिच्या नव्या फ्लॅटची भिंतही झिरपते, पडदे त्यावरच लावलेत.

इतक्या दिवसांत आम्ही एकमेकींना जे खरं सांगितलं नव्हतं, ते त्या दुपारी सांगू लागलो. चहा दोनदा झाला. उठायची घाई कुणालाच नव्हती.

निघताना फोन परत द्यायला मी डबा उघडला. माझा फोन उचलला. खाली नऊ फोन एकमेकांना टेकून पडले होते, एकाच्या कव्हरवर क्रूस, एकाची काच तडकलेली. मला ते फार सुंदर वाटलं. मी फोटो काढला. खाली लिहिलं, 'नऊ भगिनी, नऊ फोन, तुलनेला नकार', आणि स्टेटसला ठेवला, सोशल मीडियावरच्या माझ्या पानावरही टाकला. हे करताना मी काही चुकीचं करते आहे असं मला वाटलं नाही. मला वाटलं, मी पत्रक वाटते आहे.

संध्याकाळी कामासाठी जाताना कल्याणच्या बसमध्ये, कोन गावापाशी गाड्या अडकलेल्या असताना, मी हृदयं मोजत बसले होते. दुसऱ्या एका मंडळीतल्या बायकांनी लगेच त्यांचाही डबा टाकला, आत मखमल लावलेला. तो आमच्या डब्यापेक्षा चांगला दिसत होता आणि मला त्याचं वाईट वाटलं. तेव्हा तरी मला थांबता आलं असतं.

मग एका अनोळखी बाईने लिहिलं, डबा छान आहे, मागे कॅलेंडरचं दुकान आहे का? पुढे हसणारे चेहरे. मी फोटो मोठा करून पाहिला. डब्याच्या मागे मावशीची भिंत होती. पानं सुटलेली, खालची काळी ओल, आणि दोरीवर वाळत टाकलेला तिचा परकर. मी फोटो काढून टाकला, पण तोवर तो दहा ठिकाणी गेला होता. आमच्यातल्याच कोणीतरी कौतुकाने पुढे पाठवला होता.

पुढच्या शुक्रवारी मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारच्या उपासनेलाही तिची जागा रिकामी. पाळकबाईंनी वही माझ्यापुढे ठेवताना थोडी जोरात ठेवली.

मी माफीचं पत्र लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनही वेळा त्याचं पत्रक झालं. शेवटी काही न घेता राहनाळला गेले आणि शिफ्ट सुटायच्या वेळी गोदामाच्या गेटसमोर उभी राहिले. ती बाहेर आली, मला बघितलं आणि चालतच राहिली. मी बरोबर चालू लागले. टेम्पोंच्या धुळीतून तिला गाठत राहिले. मग मी चुकले म्हणाले. तिने मान हलवली. मुलीचा फोन आला होता म्हणाली. जावयाने तो फोटो बघितला आणि मुलीला विचारलं, तुझी आई अशात राहते का. मुलगी फोनवर रडली. ती रडली म्हणून मग हीसुद्धा.

"रागावले न्हाय गं मी," ती म्हणाली. "दमले. बारा तास उभं ऱ्हायचं, आन वर लोकांना भिंत कशी हाय त्ये बी सांगायचं."

मी म्हणाले, या शुक्रवारी ये. डबा मी आणणार नाही, दुसरी कोणी सांभाळेल.

ती थांबली. "कुनाच्या घरी हाय?"

मी एक घर सांगितलं.

"तू लिवतेस चांगलं," ती म्हणाली. "पन दोन वर्सं झाली. तुज्या घरी आमी कदी बसलो?"

रिक्षा आली, ती बसून गेली.

मी घरी येऊन वहीची मागची पानं उलटली. माझ्या घराचा नंबर चार वेळा आला होता आणि चारही वेळा मीच तो पुढे ढकलला होता. वडिलांची तब्येत. वडिलांची तब्येत. पाहुणे. वडिलांची तब्येत. सगळं माझ्याच बऱ्या अक्षरात. मावशीच्या मुलीची परीक्षा जितकी खरी होती तितकीच माझ्या वडिलांची तब्येत. त्यांना अजून खोकलासुद्धा नाही. आमच्या दोन खोल्यांत वाटायच्या राहिलेल्या पत्रकांचे गठ्ठे आढ्यापर्यंत आहेत. त्यांना वाळवी लागली आहे, आणि वडील ते टाकू देत नाहीत. मला ते कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी हे कधी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

त्या शुक्रवारच्या नावावर काट मारून मी आमचं घर लिहिलं आणि ग्रुपवर तसं कळवलं. आईने विचारलं, बायका बसणार कुठे? मी म्हणाले, गठ्ठे खाली उतरवून त्यांच्यावर. ती दिवसभर धुसफुसली, पण गठ्ठ्यांवर चादरी तिनेच घातल्या.

बायका आल्या, गठ्ठ्यांवर बसल्या. डबा पाळकबाईंच्या मांडीवर होता. पहिलं गाणं संपलं तरी मावशी नव्हती. दुसरंही संपत आलं. मी दाराकडे बघायचं थांबवलं होतं, कारण बघून थकले होते. तेवढ्यात दारात चप्पल काढल्याचा आवाज आला. मावशी गोदामाच्या कपड्यांतच आली होती. आत येऊन तिने आधी पाळकबाईंना जय ख्रिस्त केलं, फोन डब्यात टाकला, आणि मग उभ्या-उभ्याच आमच्या भिंतीकडे बघितलं. घाई न करता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. वाळवीच्या मातीच्या रेषा बघितल्या, गठ्ठे बघितले.

"माज्यापेक्षा वाईट हाय की," ती म्हणाली.

पडदेवाली खुदकन हसली. माझी आई दचकली, मग तीही हसली. माझ्या पत्रकात नेमकं हेच करू नका असं लिहिलं होतं. मी सरकून मावशीला माझ्या गठ्ठ्यावर जागा दिली, आणि ती बसली.