हळदीच्या गाण्यातला आवाज

हे मी शोभाच्या फोटोलासुद्धा सांगितलेलं नाही. रोज सकाळी तिच्यापुढे उदबत्ती लावतो, दोन मिनिटं उभा राहतो, बाकी सगळं सांगतो. पाणी आलं नाही, भाजी महागली, पोरगी उशिरा उठते. एवढी एक गोष्ट मात्र गिळतो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बरं पडतं. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभच उचलत नाही.

तर — मला ऐकू येत नाही.

अगदी ठार बहिरा नाही हो. समोर, उजेडात कुणी बोललं की भागून जातं. कारण मी ओठ वाचतो. खानदेशातून सुरतला आलो तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. आलो तो थेट पॉवरलूमच्या खात्यात. आमच्याकडे कारखान्याला खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटात देवाची हाक ऐकू यायची नाही, मग माणसाची कुठून येणार? त्यामुळे खात्यातली सगळी माणसं आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ हलवायचे. या टोकाची बाई त्या टोकाला 'चहा?' विचारते आणि समजतं. माझे कान कधी गेले ते मलाही कळलं नाही, ते यामुळेच. कळलं तेव्हा मी लूम मास्तर झालो होतो. बहिऱ्या मास्तरला कोण ठेवील? म्हणून लपवलं. लूमच्या फ्रेमवर तळवा टेकवून कुठे काय बिघडलंय ते सांगायचो. लोक म्हणायचे, मास्तरचा हात म्हणजे हात! हात कसला — लाज झाकत होतो.

बरं, काम सुटल्यावर तरी सांगायचं ना? नाही सांगितलं. घरात टीव्ही मोठा लावला तर उघडं पडेल म्हणून टीव्ही बघायचाच सोडला. मयुरीला, माझ्या एकुलत्या एका पोरीला, वाटतं की पप्पांचं लक्ष नसतं, पप्पा तुसडे आहेत. मी ते चालवून घेतलं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा तुसडा बरा — आहे की नाही अक्कल?

शोभा गेली तेव्हा मयुरी अंगणवाडीत होती. आता ती इथे सुरतेतच, कतारगामला, हिरेवाल्यांच्या मुलांना पियानो शिकवते, आणि स्वतः गाते. काय गाते? तर ब्लूज. मी म्हटलं, हे काय नवीन खूळ? ती म्हणाली, पप्पा, अमेरिकेत कापसाच्या शेतात राबणाऱ्यांच्या दुःखातून आलेलं गाणं आहे हे, आपल्याला परकं कसं असेल? कापूस म्हटल्यावर मला खानदेशातली शेतं आठवली. तिने सगळा अल्बम त्यातच करायला घेतला. शब्द आपले अहिराणी, सोबत नुसता पियानो आणि तिचा गळा. आईवरच्या गाण्यांचा अल्बम. नाव ठेवलं 'हळद'.

पियानो मला थोडा कळतो, खोटं नाही सांगत. ती वाजवत असताना टेबलावर हात ठेवला की डाव्या हाताचे जाड सूर मनगटापर्यंत येतात. आवाज मात्र येत नाही. तिचा आवाज कसा आहे, मला माहीत नाही.

शोभाच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड मयुरीला डब्यात सापडलं. त्यात एक रेकॉर्डिंग होतं, कुणाच्यातरी हळदीचं. बायका गात होत्या म्हणे, आणि मधेच एकच आवाज वर निघाला होता. मयुरी धावत माझ्याकडे आली. तिला आईचा आवाज आठवत नाही. ज्याला आठवायला हवा असा घरात मी एकटाच उरलोय. तिने स्पीकर माझ्यापुढे ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. काय करू? रेकॉर्डिंगला ओठ नसतात हो! मी स्पीकरवर हात ठेवला. काहीतरी थरथरलं. पोरीच्या डोळ्यांत जीव गोळा झालेला. आणि मी म्हणालो, हीच. हीच तुझी आई.

ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडलो — माझं रडणंही खरं होतं, त्याचीच जास्त चीड येते.

मग तिने विचारलं, शेवटी फोनजवळ कुणीतरी फसकन हसतंय, गाण्याचा विचका होतो, कापू का? मी म्हणालो, काप, काप.

अल्बमचं शेवटचं गाणं त्या आवाजावर उभं आहे. तो आवाज एक ओळ गातो, मयुरी पियानोवर त्याला उत्तर देते, मग पुन्हा तो. मोबाइलवर लोकांनी ऐकलं, रडले, तिला लिहून पाठवलं. गावाकडचे नातेवाईकसुद्धा म्हणाले, हो हो, शोभाच. बापानेच ओळखल्यावर दुसरं कोण नाही म्हणणार?

कमलताई 'नाही' म्हणाली. सुरतच्या कोसाड भागात आमच्याच गल्लीत, समोर राहते ती. पूर्वी खात्यात सुताच्या कांड्या भरायची. आजूबाजूच्या कुठल्याही घरी हळद असली की आधी बोलावणं तिला, कारण तिच्यासारखं गाणारी दुसरी नाही. मयुरी शिकवायला गेली होती तेव्हा ती आली, दार लोटलं आणि सरळ म्हणाली, "भाऊ, हाऊ आवाज मना शे." म्हणजे तो आवाज तिचा स्वतःचा! ती पुढे म्हणाली, फोन शोभाच्या हातात होता, तिला कुठे गाता येत होतं? मला चिडवून चिडवून गायला लावलं तिने. "शेवटले हासनी ना, ती शोभा व्हती."

ज्याच्या हातात फोन तो गात नसतो, एवढंसुद्धा मला सुचलं नव्हतं. शोभाचं जे काही या जगात उरलं होतं ते तेवढंच, एक हसू. आणि मी काप म्हणालो होतो.

कमलताईला तेव्हाच माझ्या कानांचं कळलं. तिने काही विचारलं नाही. मी मात्र हात जोडले. पोरीचा जीव तुटेल, म्हणालो. तेही खोटं. मला भीती एकच होती — मयुरी विचारेल, पप्पा, तुम्ही कसं ओळखलं नाही? वर आणखी मागितलं मी तिच्याकडे. म्हणालो, आता हळदीला गाऊ नका. रेकॉर्डिंगात तुमचा तरुणपणीचा आवाज आहे म्हणून मयुरीला अजून कळलं नाही, पण आता तो तिच्या कानात बसलाय, पुन्हा ऐकला तर लगेच ओळखेल ती. कमलताई हो म्हणून गेली.

तेव्हापासून ती गायलेली नाही. बायका म्हणतात, कमलला गर्व झालाय. दोन घरांनी तर बोलावणंच बंद केलं. ऐकून घेते बिचारी.

परवा गल्लीतच हळद होती. भर दुपार, मांडवात ऊन. मयुरी कमलताईच्या पायाशी बसली आणि हट्ट करायला लागली, मावशी, म्हण ना एक, आई आणि तू एकत्र असायचात ना? कमलताईने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. आणि खात्यात बोलायचो तसं, आवाज न काढता, नुसते ओठ हलवले — सांगू?

मांडवात एवढी माणसं, पण ते बोलणं फक्त मला समजलं. एक मान हलवायची होती. तेवढंच.

मी नाही म्हणून हलवली.

तिने डोळे खाली घेतले आणि मयुरीला म्हणाली, "मना गळा बसेल शे, बेटा." दुसऱ्या कुणीतरी गायला सुरुवात केली. मयुरी उठून माझ्याजवळ आली, समोर बसली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, आई असती तर आज तीच गायली असती, ना?

मी म्हणालो, हो.