गेटवर सुटलेला अंबाडा

हिरावैनीला गेटवर अंबाडा सोडायला लावला, तेव्हा हसणाऱ्यांत मी होतो. एवढं सगळ्यांना माहीत आहे. केस तपासायची अक्कल साहेबाला मी दिली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पनवेलजवळ, तळोज्याला आमचा कोळंबीचा कारखाना. आत बायका बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलतात, आम्ही पुरुष क्रेट ओढतो. सुटताना आम्ही सरळ बाहेर. बायकांची मात्र रांग. डबा उघडा, पदर झटका. का, तर कोळंबी चोरतील.

हिरावैनी उरणकडची कोळीण. कामावरची टोपी काढून, केस बांधून, अबोलीची वेणी माळून ती घरी निघालेली. मला साहेबासमोर चमकायचं होतं. पन्नाशीला आलेला माणूस मी! त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "साहेब, डब्यात काय बघताय? ह्यांचा खजिना अंबाड्यात असतो."

साहेब खो खो हसला. मग तिच्याकडे वळला. "सोड."

तिने वेणी काढून दातात धरली. मग एकेक पिन. केस पाठीवर आले. आत काही नव्हतं. तिने कुणाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीने अंबाडा सोडायचा, असा नियमच झाला. माझ्या विनोदाचा नियम. मी रोज त्या रांगेशेजारून घरी जात राहिलो.

गेल्या महिन्यात माझ्या हातून क्रेट सांडला. साहेबाने मला गुडघ्यांवर बसवलं.

"हाताने नाही. तोंडाने उचल."

माझ्याबरोबरचे पुरुष मान खाली घालून ट्रॉल्या ओढत होते. मी वाकलो. खरंच वाकलो. एक कोळंबी दातात धरलीसुद्धा.

तेवढ्यात टेबलावर घमेलं उपडं पडलं. हिरावैनीचं. मग शेजारणीचं. मग सगळ्यांचीच. सोलणारे हात थांबले.

"त्याला उठव पयलं," ती म्हणाली. "नाय तं तुजी कोलबी तूच सोल."

बर्फ वितळायला लागला. साहेब केबिनमध्ये निघून गेला.

संध्याकाळी मी बायकांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो. वॉचमन म्हणाला, "काय रे, गजरा विसरलास?"

मी शर्ट काढून त्याच्या टेबलावर ठेवला. "झडती आधी माझी. आज कुणाचे केस सुटणार नाहीत."

मागे दोघे हमाल येऊन थांबले. दोघेच. बाकीचे सरळ बाहेर. पण त्या दिवशी केस सुटले नाहीत.

हिरावैनीने शर्ट उचलून माझ्या हातात दिला. "घाल, दादूस. तू आपला मानूस हाय."

कोळंबी तोंडाने उचलताना मेलो नव्हतो. तिचं हे ऐकून मेलो.

उद्या गेटसभा आहे. झडती कायमची बंद करा, ही मागणी. आमच्या पुरुषांत अजून कुजबुज, "तो बायकांचा प्रश्न, आपण कशाला?" हिरावैनी मला म्हणते, "पयला तू बोल. गडीमानसं तुजं आयकतील."

बोलणार. पण घोषणेच्या आधी तो विनोद कुणाचा, ते सांगणार. ती थुंकली तर थुंकू दे. रांगेतून हाकललं, तर रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहीन. घरी जाणार नाही.

माफी मागायचा मला हक्क नाही. खरं सांगणं, एवढंच मी तिचं देणं लागतो. सगळ्यांच्या देखत, त्याच गेटवर.