टेकडीवरची डबलबारी

साताऱ्याहून निघताना सौभाग्यवतीने दोन गोष्टी दिल्या. भावासाठी कंदी पेढे आणि माझ्यासाठी ताकीद. "दत्तासमोर गिरणी हा शब्द काढायचा नाही. एकदा बोलायला लागलात की तुम्हाला थांबता येत नाही, म्हणून आधीच सांगते."

दत्ता माझा धाकटा मेहुणा. संपात गिरणी गेली, त्याला दोन वर्षं होत आली होती. परळची खोली सोडून तो घाटकोपरच्या टेकडीवर राहायला गेला आणि साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात ड्रिल मशीनवर लागला. गिरणीच्या भजनमंडळाचा तो बुवा (मुख्य गायक), पण संपानंतर त्याने पेटी उघडली नव्हती. आता टेकडीवरच्या व्यायामशाळेत संगीत सप्ताह होता आणि समारोपाला त्याचं नाव लागलं होतं. तो गातो की नाही, हे बघायला घरातून मला पाठवण्यात आलं. गाण्यातलं मला कळतं, असा माझ्या कोकणातल्या सासुरवाडीचा एक जुना गैरसमज आहे.

एसटीने कुर्ल्याला नेहरूनगरात उतरवलं. तिथून बेस्टची बस आणि मग टेकडीच्या पायऱ्या. आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची माणसं. चढाची सवय असते, असं मी बसमध्ये शेजाऱ्याला सांगितलंही होतं. निम्म्यावर मी एका ओट्यावर बसलो. पाण्याचा हंडा घेऊन एक बाई माझ्या पुढे निघून गेल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "बसा काका, टेकडी कुठे पळत नाय."

दत्ताच्या बायकोने, शालनने, बांगड्याचं तिखलं (जेमतेम रसाचं झणझणीत कालवण) केलं होतं. मी घाम पुसत जेवलो. दत्ता कमी बोलला. घसा बरा नाही म्हणाला. शालनने कपाटावर ठेवलेल्या पेटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. घशाला काही झालेलं नव्हतं.

व्यायामशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. सकाळी तिथे पोरं वजनं उचलत आणि संध्याकाळी तीच वजनं कोपऱ्यात सारून सतरंज्या अंथरत. पहिल्या दिवशी मी बसायला म्हणून जी जागा निवडली तिथे सतरंजीखाली एक डंबेल राहिलं होतं. त्यावर एक आख्खा पोवाडा ऐकला. मग भारूड झालं, बायकांची फुगडीगीतं झाली, शक्ती-तुरा (दोन बाजूंनी एकमेकांना कोडी घालत नाचायचा कोकणी प्रकार) झाला. तिथल्या पोरांच्या ऑर्केस्ट्रात वीज गेली, तेव्हा ढोलकीवाल्याने अंधारात एकट्याने वाजवून खोली धरून ठेवली. मला तेच सगळ्यांत आवडलं.

दत्ता रोज माझ्या शेजारी मांडी घालून बसे. लोक येत, हळू आवाजात विचारत, "काय बुवा, बरं हाय ना?" आणि खांद्यावर हात ठेवून जात. मीही जपत होतो. एकदा शालन दळण आणायला निघाली, तेव्हा "मी जातो ना त्या... चक्कीवर," म्हणालो. दत्ताने माझ्याकडे बघितलं.

समारोपाची डबलबारी रविवारी दुपारी ठेवली होती, कारण सोमवारी सगळ्यांनाच कामाची पाळी. डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोन मंडळं, आमनेसामने. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं. समोर होते नाहूरचे मेस्त्री बुवा, पिकलेल्या मिशांचे. दोघांनी आधी एकमेकांच्या पाया पडून घेतलं, हे पाहून मला बरं वाटलं.

दत्ताने सुरुवात केली. आवाज होता, पण दार लोटून घेतल्यासारखा. कोरसवाले त्याला सांभाळून घेत होते. लोकही सांभाळून घेत होते. एकही माणूस खोकला नाही. शालन जमिनीकडे बघत होती.

मग मेस्त्री बुवांनी पेटी पुढे ओढली आणि चालीवरच सुरू केलं, "गिरणीचो भोंगो बंद झालो, तसो बुवांचो गळो पण बंद झालो काय?"

आठवडाभर मी जो शब्द गिळत होतो तो हा माणूस माइकवरून गात होता. मी उभा राहिलो. "बुवा, हे बरं नव्हे," म्हणालो. माझ्या आवाजात शाळेतला मास्तर आला होता.

पखवाज थांबला. मेस्त्री बुवांनी मिशीवरून हात फिरवला. "पाव्हणे खंयचे?"

उत्तर दत्ताने दिलं. "आमचे भावोजी. साताऱ्याचे."

"मगे बसा," मेस्त्री बुवा म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मी बसलो. पुन्हा त्या डंबेलवरच.

दत्ता हसत होता. त्याने पेटीचा भाता सोडला, कोरसला मानेनेच काहीतरी खुणावलं आणि उचललं, "भोंगो वाजलो नाय तरी आमचो डोळो पहाटे उघडता, तुमका कानाशी वाजवलो तरी जाग येवची नाय." आता आवाजाला दार राहिलं नव्हतं. टाळ उसळले. मेस्त्री बुवांनीच पहिली मान डोलावली आणि लगेच दुसरं टाकलं. ते मालवणीत इतकं वेगात होतं की मला अर्धंच कळलं. शालनला सगळं कळत होतं. ती तोंडाला पदर लावून हसत होती.

संपल्यावर दोघे बुवा एकाच बशीतली भजी खात बसले. घराकडे वर चढताना दत्ता माझ्यासाठी ओट्यावर थांबला.

"भावोजी, दोन वर्षं सगळे माझ्याशी हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखे बोलतात. मेस्त्री एकटाच भांडला."

"आम्हाला वाटलं, तुला लागेल."

"लागलं ना. पण तुम्ही पिठाच्या गिरणीला चक्की म्हणालात, ते जास्त लागलं." मग माझ्या धापा ऐकून म्हणाला, "अजिंक्यतारा उंच आहे म्हणतात."

साताऱ्याला पोचलो तर दारातच प्रश्न आला. "गिरणीचं नाव नाही ना काढलंत?"

"मी नाही. माइकवरून निघालं."

पिशवी खाली ठेवून सगळं सांगितलं, मेस्त्री बुवांची ओळसुद्धा जमेल तशी म्हणून दाखवली. ती उंबऱ्याला टेकून ऐकत राहिली. जपणं म्हणजे माया, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. ज्याला जपतो त्याच्याशी भांडायचं मात्र आम्ही बंद केलं होतं.

मग पिशवी उचलून ती म्हणाली, "पुढच्या वेळी मी जाते. दोन वर्षांचं त्याला बोलायचं राहिलंय माझं."