बघायला आलेली माणसं

तुळशीराम मासळी घ्यायचा ती सख्ख्या मेहुणीकडून, तरीही प्रत्येक पापलेटाचा कल्ला उचलून बघायचा. मेहुणी शिव्या घालायची. हा म्हणायचा, "नातं तुझ्याशी हाय, पापलेटाशी नाय." पेट्रोल भरताना काट्यावरची नजर हलवायचा नाही आणि सीलबंद पाण्याची बाटलीसुद्धा हुंगल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. जगात त्याचा विश्वास एकाच माणसावर, बायकोवर, हौसावर. आणि तोही बिचारीनं कधी मागितला नव्हता!

आता माणूस काही असा जन्माला येत नाही. तुळशीराम मिसरूड फुटायच्या वयाचा असताना जासईच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात टोप्या घातलेली माणसं आली. सोबत तीन पायांवरची दुर्बीण. त्याच्या आईनं त्यांना सावलीत बसवून ताक दिलं, कशाला आलात विचारलं. ती माणसं म्हणाली, "काही नाही हो, फक्त बघायला आलोय." बघून गेली. मग दगडांवर चुन्याच्या खुणा झाल्या, मग सरकारी प्रकल्पासाठी जागा सोडायच्या नोटिसा आल्या, आणि बरीच वर्षं भांडून शेवटी गाव उठलं. मागचा डोंगर सुरुंगानं फोडला, आणि डोंगरावरची गावदेवी त्यातच गेली. देवी म्हणजे काय, एक ओबडधोबड दगड, त्यावर रेघा. तिला नव्या जागी वाजतगाजत नेऊ, असं साहेब लोक म्हणाले होते. कसलं वाजत आणि कसलं गाजत! एका दुपारी भोंगा झाला, धूर उडाला, संपलं.

पनवेलजवळ नवं गाव वसलं, बंगले झाले, संगमरवरी देवी बसली. हौसा मात्र त्या देवळात फार जायची नाही. नवी सून असताना तिनं डोंगर चढून त्या दगडाला तेल घातलं होतं, त्याच्याच पाया पडून मुलगा, मिथुन, मागितला होता. ती म्हणायची, "हिचा चेहरा गोड हाय गो, पण ही मना वलखत नाय."

तुळशीराम चेहऱ्याच्या भानगडीत पडला नाही. त्यानं एक वाक्य धरलं. गावच्या प्रत्येक बैठकीत तो उभा राहायचा आणि छाती काढून म्हणायचा, "बघायला येतो तो घ्यायलाच येतो! आमचा डोंगर गेला, देवी गेली, पण आमी कुणाच्या जमिनीतला खडा उचलला नाय!" टाळ्या पडायच्या. बंगला, गाडी सगळं मोबदल्यातलं. हे वाक्य तेवढं त्याच्या स्वतःच्या कमाईचं होतं.

अशा माणसाला मिथुननं लडाखला पाठवलं. कामोठ्याचा मितेश सहली न्यायचा. लडाखच्या वाळवंटातून पायी चालायचं आणि हजारो वर्षांपूर्वी दगडांवर कोरलेली चित्रं बघायची.

"वाळवंट म्हणतो आणि स्वेटर घ्या म्हणतो," तुळशीराम हौसाला म्हणाला. "काय तरी काळंबेरं हाय." पण हौसा कधी नव्हे ती हरखली होती, म्हणून गेला.

तिथला वाटाड्या नामग्याल. कमी बोलणारा, म्हणजे तुळशीरामच्या हिशेबानं पक्का. चालायला सुरुवात करण्याआधी त्यानं सगळ्यांना हिंदीत बजावलं, चित्रांना हात लावू नका, एकही दगड उचलू नका.

"चोराच्या मनात चांदणं," तुळशीराम कुजबुजला. "आमी काय उचलणार? यालाच काय तरी लपवायचं असंल."

वाट रेतीची, झाड नावाला नाही, ऊन चटके देतंय आणि वारा बर्फाचा. दम लागत होता तरी तुळशीरामची नजर नामग्यालवरून हटेना. नवरा-बायकोची मिळून एक पिशवी होती, ती त्यानं पोटाशी धरली होती. नदीच्या वर काळपट शिळा आल्या. त्यांवर बाकदार शिंगांची रानबोकडं, धनुष्य ताणलेले शिकारी. मंडळी 'अहाहा' करू लागली. तुळशीराम म्हणाला, "परवा खिळ्यानं कोरलंय कोणी तरी."

तेवढ्यात हौसानं त्याची बाही ओढली. एका शिळेच्या पायथ्याशी, खोबणीत, तळहाताएवढा फुटका तुकडा होता. त्यावर दोन्ही हात वर केलेली एक आकृती. हौसाचे डोळे भरले होते. "आवो, बघा तरी. आपल्या देवीवर अशाच रेघा होत्या."

"हळू बोल, त्यो बघतोय," म्हणत तुळशीरामनं पिशवी तिच्या हातात दिली. कारण नामग्यालनं वाकून काहीतरी उचललं होतं, खिशात टाकलं होतं, आणि तो शिळेमागं गेला होता. सापडला! तुळशीराम चोरपावलांनी त्याच्या मागं गेला. नामग्याल मंडळींनी टाकलेली वेफर्सची रिकामी पाकिटं गोळा करत होता. दुसरा कोणी असता तर लाजला असता. हा म्हणाला, "रिकामी पाकिटं सांभाळणारा माणूस साधा नसतो." परत येऊन त्यानं पिशवी खांद्याला लावली.

परतीला नदीकाठी सगळे डबे उघडून बसले. नामग्याल शेवटची नजर टाकायला वर गेला होता, तो पडलेल्या चेहऱ्यानं खाली आला. खोबणीतला तुकडा नव्हता. त्याचा आवाज चढला नाही. आमच्या गावाला काय सांगू, एवढंच त्यानं मितेशला विचारलं.

मग सहलीतल्या, खांदा कॉलनीच्या आभाताई हळूच म्हणाल्या, "नाव घेत नाही, पण काका सारखे मागे रेंगाळत होते. शिळेमागेसुद्धा गेले होते."

झालं! तुळशीराम ताडकन उभा राहिला. "मी? अख्ख्या पनवेलला विचारा, तुळशीरामनं कधी कुणाचा खडा उचललाय का! उघडा सगळ्यांच्या पिशव्या! पयली माझी!"

आणि त्यानं पिशवीत हात घातला. हौसाच्या शालीची घडी लागली. घडीत काहीतरी गार, टणक. बोट फिरलं तशा रेघा लागल्या.

त्यानं हौसाकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. नदीकडं बघत होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून. जन्मभर साऱ्या जगाच्या पिशव्या तपासल्या बाबानं, एक घरची सोडून.

त्यानं तुकडा बाहेर काढला. त्यावर ओलं कुंकू होतं.

"मीच उचलला," तुळशीराम म्हणाला.

आभाताईंनी 'बघा' अशा अर्थानं मान हलवली. मितेशनं कपाळाला हात लावला. नामग्यालनं कुंकू पाहिलं, तुळशीरामकडं पाहिलं, आणि म्हणाला, "चलिए. जहाँ से उठाया, वहीं रखिए."

हौसाही उठली आणि तिघं पुन्हा वर चढले. शिळांपाशी येऊन तुळशीराम थांबला. कुठली शिळा, कुठली खोबण, त्याला काही सुधरेना. त्यानं ती धड पाहिलीच कुठं होती! तो नुसता तुकडा हातात धरून उभा राहिला. शेवटी हौसानं तो त्याच्याकडून घेतला, पदरानं कुंकू पुसलं, सरळ चालत गेली आणि खोबणीत होता तसा ठेवला. नामग्यालनं सगळं पाहिलं. खाली कोणाला एक शब्द सांगितला नाही. त्या दिवसापासून तुळशीरामनं त्याच्यावर संशय घेणं सोडलं.

"आपली देवी नेली तवा कोणी आणून ठेवली?" उतरताना हौसा रडत म्हणाली.

"नाय ठेवली," तो म्हणाला. "म्हणून तर."

गोष्ट त्यांच्याआधी पनवेलला पोचली. तुळशीरामनं तिकडं देवाचा दगड ढापला म्हणे! नाक्यावर पोरं हसली. त्यानं खुलासा केला नाही. मेहुणीच्या पाटीतलं पापलेटही न बघता घेतलं, तेव्हा मेहुणीच घाबरली.

पुढच्याच महिन्यात नव्या गावाच्या मागं पुन्हा टोपीवाली माणसं दिसली. बैठक बसली. कोणी तरी सवयीनं म्हणालं, "तुळशीराम, बोल." तो उठला. "बघायला येतो तो..." एवढं म्हणाला आणि अडकला. मागून एकजण ओरडला, "तो दगड घेऊन येतो!" अख्खी बैठक खो खो हसली. तुळशीराम खाली बसायला वाकला.

तेव्हा बायकांच्या रांगेतून हौसा उठली. उभ्या जन्मात ती बैठकीत बोलली नव्हती.

"तो दगड मी उचललेला. मना आपली देवी वाटली, म्हणून. यांनी माझी चोरी आपल्या अंगावर घेतली आणि दगड जागेवर ठेवायला परत वर चढले." हसणं थांबलं होतं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "यांनी खडा उचलला नाय. आता बोला तुमी."