तांब्याच्या तारेचं अर्पण

जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला तर लगामही नव्हता, आणि मला त्याचं भारी कौतुक होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीच्या सणाला लिलाव पुकारायचं काम दरवर्षी माझ्याकडे यायचं ते याच जिभेमुळे. लोकांनी आणलेलं धान्य, भाजी, अंडी, कोंबड्या असं सगळं पुढच्या टेबलावर ठेवायचं, पाळकसाहेबांनी प्रार्थना करायची आणि उपासना संपली की मी एकेक जिन्नस उचलून लिलाव पुकारायचा. "ही कोंबडी नीट बघून घ्या, शब्बाथ शाळेच्या मागंच वाढलीय, शिजतानासुद्धा वचनं म्हणेल!" की लोक हसून बेजार. हसलेला माणूस बोली चढवतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खरं तर आमच्यात सुगी उरली होती कुणाची? सगळे नगरकडचे, दुष्काळानंतर पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत आलेले. दापोडीला रेल्वेलाईनजवळ पत्र्याची एक खोली, तेच आमचं देऊळ. ज्यांचं गावाकडं कुणी होतं ते पायलीभर ज्वारी आणायचे. बाकीचे सकाळी मंडईतून भोपळा विकत घ्यायचे आणि अर्पण म्हणून टेबलावर ठेवायचे. देवाला कळत नसेल काय, भोपळा कुठला ते! पण कुणी काही म्हणायचं नाही, आणि मीही दरवर्षी एक भोपळा ठेवायचो.

मी शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या शाळेत, मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायचो, आणि ती मुलं टिकत नव्हती. बारकी पोरं पुढं सतरंजीवर बसायची, मोठी माणसं बाकांवर, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका. चौदा-पंधराची झाली की पोरांना सतरंजीची लाज वाटायची आणि बाकावर कुणी सरकून जागा द्यायचं नाही. मग ती दाराशी उभी राहायची, उपदेश सुरू झाला की बाहेर जायची, आणि एका रविवारी यायचीच बंद व्हायची. मंडळीच्या पंचांच्या बैठकीत यावर एकच उपाय निघायचा, पोरांच्या आयाबापांना बोलावून झापा.

त्यातली एक पोर गेली असती तर मला फार लागलं असतं. सोळा वर्षांची. बाप वारला म्हणून नववीतून शाळा सोडली आणि भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मोटरच्या कॉइली गुंडाळायला लागली. लहानपणी तिचं पाठांतर असं, की मी अडलो तर सतरंजीवरून मलाच पुढचा शब्द सांगायची. कामाला लागल्यापासून ती कधीमधीच दिसायची. ती सुटली तर माझ्या वर्गाला काही अर्थच नाही, असं मला वाटायचं.

म्हणून त्या वर्षी पंचांशी मी हुज्जत घातली. म्हटलं, "आपण पोरांना फक्त गप्प बसा म्हणतो. त्यांच्याकडून कधी काही घेतो का? या सुगीला सतरंजीपासून बाकापर्यंत सगळ्यांनी अर्पण आणायचं." हो-नाही करता करता ते तयार झाले. वर्गात मी पोरांना निक्षून सांगितलं, "मंडईतलं नको. आपल्या हातचं आणायचं, आणि पहिल्या पिकासारखं त्यातलं पहिलं आणायचं." त्या पोरीच्या घरी मुद्दाम जाऊन तेच सांगून आलो. तिनं मान डोलावली.

सणाच्या रविवारी पोरांनी काय आणलं? कुणी पेरू, कुणी पपई, दोघांनी आयांनी हातात दिलेली अंडी. ती मात्र रुमालात गुंडाळून काहीतरी घेऊन आली आणि तिनं ते भोपळ्याशेजारी ठेवलं. तांब्याच्या तारेची एक कॉइल. तळहाताएवढी, लखलखीत, वेढ्याला वेढा लागून बसलेला.

माझ्या हातात ती आली तेव्हा लिलाव रंगात आला होता. समोर सगळे हसायला टपलेले. मी ती उंच धरली. "अगं बाई, हे कुठल्या झाडाला लागलं? आणि पोरी, हे चुलीवर किती वेळ ठेवायचं, तेवढं तरी सांग!" खोली फुटायची बाकी राहिली. पाळकसाहेब डोळे पुसायला लागले. मला चेव आला. "एक वार! घ्या हो कुणीतरी, डाळीला फोडणी द्यायला बरं पडेल. दोन वार!" बोली कुणीच केली नाही. मी कॉइल बाजूला ठेवली आणि अंडी उचलली. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून. मी म्हटलं, वा, पोर खिलाडू आहे.

त्यानंतर ती आलीच नाही. एक रविवार, दोन, चार. कुणी विचारलं की मी सांगायचो, "शिफ्ट असेल." कॉइल मी आवराआवरीत घरी आणली होती आणि कपाटावर ठेवली होती. येता-जाता दिसायची. मी तिच्याकडे बघायचं टाळायचो, म्हणजे आत कुठंतरी कळलं होतंच.

नाताळच्या सुमारास तिची आई उपासनेनंतर भेटली. मी म्हटलं, "पोरीला रविवारची सुट्टी मिळत नाही वाटतं?"

"रविवारी कसली मिळती?" ती म्हणाली. "भोसरीला सुट्टी बेस्तरवारी. त्या सणाच्या दिशी तिनं खाडा केला व्हता. मालक लई बोलला तिला."

माझ्या कंपनीला रविवारची सुट्टी, म्हणून सगळ्या जगाला रविवारची सुट्टी असते असं मी धरून चाललो होतो. त्या पोरीनं मजुरी बुडवून, मालकाची बोलणी खाऊन, मी सांगितलेलं अक्षरशः पाळलं होतं. अख्ख्या मंडळीत एकटीनं. आणि मी, भोपळा विकत आणणारा शहाणा, तिची टिंगल केली होती. शरमेनं जेवण गेलं नाही मला त्या दिवशी.

पुढच्या गुरुवारी रजा काढली आणि कॉइल खिशात घालून तिच्या घरी गेलो. ती नळावर कपडे धूत होती.

"चुकलं माझं, पोरी," मी म्हटलं.

"त्यात काय काका, सगळेच हसले."

मी कॉइल पुढं केली. "ही घे तुझी."

तिनं हात पुसले, पण पुढं केले नाहीत. "देवापुढं ठेवलीय ती. परत कशी घेऊ?" मग पिळलेला कपडा दोरीवर टाकता टाकता म्हणाली, "आणि लिलाव तरी कुठं पुरा झालाय तिचा? तुम्ही दोन वार म्हणालात. तिसरा म्हणालाच नाहीत."

पुढच्या वर्षी मी पंचांपुढं मांडलं, सुगीचा सण गुरुवारी संध्याकाळी करा. काय गहजब झाला! "उद्या नाताळ शिमग्याला करा म्हणाल!" माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "आपली निम्मी पोरं रविवारी मशीनवर उभी असतात. त्यांच्या नावानं बोटं मोडायला आपल्याला रविवार पुरतो, मग त्यांच्यासाठी एक गुरुवार का निघू नये?" दोन बैठका भांडलो. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, एकदा करून बघू.

ती आली. बायकांच्या बाजूला, दाराजवळच्या शेवटच्या बाकाच्या टोकाला बसली. टेबलावर सगळ्यात आधी मी कॉइल ठेवली होती, आणि लिलावाला तीच पहिली उचलली. म्हटलं, "गेल्या वर्षी मी हिची चेष्टा केली. ती माझी चूक होती. ही काय आहे, ते जिनं आणली तिनंच सांगावं."

वाटलं, नाही उठायची. पण ती उभी राहिली. "पहिला महिनाभर माझी प्रत्येक कॉइल सुपरवायझर माझ्यासमोर कापून टाकायचा. एक वेढा चुकला तरी मोटर जळते. ही माझी पहिली पास झालेली. मालकाकडून मागून घेतली होती." एवढं बोलून ती खाली बसली.

मग पुरुषांच्या बाजूनं बोली आली, बायकांच्या बाजूनं आली, पुन्हा पुरुषांकडून. इतकी बोली कुठल्याच कोंबडीला कधी आली नव्हती, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच येत होता, सगळ्यांचा, त्यात माझाही. मी म्हटलं, "एक वार. दोन वार." तिच्याकडे बघितलं. "तीन वार."

शेवटचं गीत चालू असताना ती उठली. मी मागोमाग बाहेर गेलो. "आता दर गुरुवारी इथं प्रार्थना ठेवू. लहानमोठे सगळे बसू. येशील ना?"

"बघू काका," ती म्हणाली. "आज तिसरा वार ऐकायला आले होते." आणि स्टेशनच्या दिशेनं निघून गेली.

गुरुवार सुरू झाला. दाराशी उभी राहणारी दोन-तीन पोरं आली, दोन म्हाताऱ्या, एक रात्रपाळीवाला. बाकांना फाटा देऊन सगळे एकाच सतरंजीवर बसायचो. फक्त दाराजवळ ती बसली होती तो एक बाक मी तसाच ठेवला होता. कुणी त्याच्या टोकाला टेकायला गेलं की म्हणायचो, "तिथं नको, पुढं या." दोन वर्षं म्हणत राहिलो. ती आली नाही. मग एका गुरुवारी, मालकानं सुट्टीतही बोलावल्यामुळे कामावरून थेट आलेली एक चौदा वर्षांची पोर, हाताला काळं ग्रीस तसंच, नेमकी त्या टोकाला जाऊन बसली. पुढं ये म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.