मापाच्या बांगड्या

मंडळी, आज दुपारी आमच्या पुण्याजवळच्या सूसच्या फ्लॅटवर लेकीच्या लग्नाच्या बांगड्या भरायच्या होत्या. लग्न होऊन ती बंगळूरला जाणार.

नवरीच्या बांगड्या मात्र आधीच तयार! मोबाईलवर मनगटाचे फोटो काढून तिनं मैत्रिणीच्या थ्री-डी प्रिंटरवर हिरव्यागार बांगड्या छापून आणल्या. छोटासा खटका दाबला की हातात बसतात. फुटत नाहीत, टोचत नाहीत. खरं सांगते, दिसतातही सुंदर.

बाकीच्या बायकांसाठी मी पौडच्या बांगडीवाल्या शमीमचाचींना बोलावलं होतं. माझ्या लग्नात आमच्या भरे गावात येऊन त्यांनीच माझा चुडा भरला होता. माझा हात दाबून दाबून मऊ करताना हळूच म्हणाल्या होत्या, "रडायचं आसंल तर आत्ताच रड. समद्यांना वाटंल, बांगडी घट्ट हाय." मी मनसोक्त रडून घेतलं होतं.

आज चाचींनी लेकीचं मनगट निरखलं. "लई झ्याक हायेत गं. दुखलं न्हाई ना?"

"अजिबात नाही, चाची!"

चाचींनी मान डोलावली आणि माझा हात ओढून घेतला. बांगडी चढवताना त्यांचा अंगठा तळव्यावर दाबला गेला आणि माझे डोळे भरून आले.

"आई, काय झालं?"

"काही नाही गं. बांगडी घट्ट आहे."

"मग तुलाही मापाच्या प्रिंट करून देते ना!"

चाचींनी माझा हात काही सोडला नाही. मंडळी, या पोरीला मी काय सांगू?