विहीणबाईंचा एप्रन

माझ्या स्पॅनिश विहीणबाईंनी म्हैसूर सिल्कची साडी कमरेला गुंडाळून मासे तळले, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

लेक मृदुलाचं लग्न स्पेनमधल्या मुलाशी ठरलं, तेव्हा मी फोनवर स्पॅनिश शिकायला घेतलं. इंग्रजी शब्द दिसायचा, त्याचं स्पॅनिश पाठ करायचं. कपड्यांच्या धड्यातला पहिलाच शब्द एप्रन, म्हणजे 'देलान्ताल'. तो पाठ झाला आणि माझा उत्साह संपला. (हे घरात सांगितलं नाही. उलट आमच्या बंगळूरच्या बनशंकरीतल्या भाजीवाल्यालाही 'स्पॅनिश स्वल्प स्वल्प येतं' असं ऐकवून ठेवलं.)

विहीणबाईंच्या मानाची साडी बायकोने अर्धं बंगळूर पालथं घालून आणली. लग्नात त्यांनी तीच नेसावी, एवढीच तिची इच्छा. पार्सल बांधताना म्हणाली, "अहो, हे काय आहे ते त्यांना कळायला नको? चिठ्ठीवर स्पॅनिशमध्ये लिहा."

"साडीला त्यांच्यात शब्द नाही गं."

"मग जवळचा लिहा. एवढं शिकलात ना?"

जवळचा काय, लांबचा काय, माझ्याकडे एकच होता. मनाशी म्हटलं, दोन्ही कमरेलाच तर बांधतात; फरक काय तो वारांचा. लिहिलं, 'देलान्ताल'.

काही दिवसांनी तिकडून फोटो आला. साडीची जाडजूड घडी, वरून दोरी, समोर कढई, कढईत मासे आणि विहीणबाई प्रसन्न.

बायकोने फोटो मोठा करून पाहिला. मी म्हटलं, "त्यांच्यात तशी पद्धत असेल."

तेवढ्यात तिकडूनच मृदुलाचा फोन. "अण्णा, चिठ्ठीत एप्रन का लिहिलंत? त्या म्हणतायत, एवढा भारी एप्रन जन्मात पाहिला नाही. फक्त जरा लांब आहे."

बायको माझ्याकडे वळली. "आणखी कोणते शब्द येतात?"

"एवढाच."

ती शांतपणे उठून आत गेली. (आमच्याकडे हे ओरडण्यापेक्षा वाईट!)

रविवारी मृदुलाला दुभाषी करून विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. हळदीचे डाग पडलेला स्वयंपाकघरातला एप्रन बांधून मी कॅमेऱ्यासमोर बसलो. स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "देलान्ताल." बायकोच्या पदराकडे दाखवून, "साडी." मग कान धरले आणि "पेर्दोन" म्हणून माफी मागितली. (हा दुसरा शब्द खास त्यासाठी शिकलो.) आधी विहीणबाईंची, मग बायकोची.

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला, आत धावल्या, धुवून इस्त्री केलेली साडी आणून खांद्यावर टाकून दाखवली. बायकोचा चेहरा जरा सैलावला. मग त्यांनी माझ्याकडे बघत हसून काहीतरी विचारलं.

"अण्णा," मृदुला म्हणाली, "त्या विचारतायत, तुमच्याकडे स्वयंपाक पुरुष करतात का?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "आजपासून."